नाक्यावरची बाराखडी

मी चौथ्या वर्षी वाचायला शिकले हे कळलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर कौतुक पसरतं. तरुण आया तर खुर्ची जवळ ओढून बसतात. कसं हो जमवलं तुमच्या वडिलांनी? आमचा पाच वर्षांचा झाला तरी मोबाइल सोडत नाही. मग कुणीतरी हटकून म्हणतं, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ते असे. पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायची. आता वय झालं, खोटं हसण्याचा कंटाळा येतो. मी सरळ सांगते, माझ्या वडिलांना दिसत नव्हतं, म्हणून शिकवलं त्यांनी. त्यावर लोक हळहळतात आणि म्हणतात, म्हणजे तुम्ही आंधळ्याची काठी झालात! इथे माझं डोकं फिरतं. काठीमुळे कुणी आंधळं होत नाही, बाई. काठी व्हायला मिळालं असतं तर मी सुखानं झाले असते.

बाबा जंगल खात्यात नाकेदार होते. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जंगलातून चांदा शहराकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर आमचा नाका होता. नाका म्हणजे वाटेवर आडवा टाकलेला लांब बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, शेजारी कौलारू खोली आणि खोलीच्या मागे आमचं बिऱ्हाड. सागवान, बांबू, हिरडा, मोहफुलं, तेंदूची पानं, काहीही भरून जंगलातून बाहेर निघालेली बैलगाडी इथे थांबायची. गाडीवाल्यानं पास द्यायचा. बाबांनी तो वाचायचा, गाडीत तोच माल आहे ना, पासाची मुदत उरली आहे ना ते पाहायचं, आणि मग दगडाचं टोक दाबून बांबू वर करायचा. झालं काम. पण ते सगळं काम वाचण्यावर उभं होतं. खोली सरकारी होती. गावाकडची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, काकांच्या ताब्यात होती आणि काकांच्या मनात आम्ही नव्हतो. नोकरी गेली की चुलीवरचं भांडं उतरवून निघायचं, कुठे ते माहीत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला चौथ्या वर्षी ठाऊक होतं.

बाबांचे डोळे मला आठवतात तेव्हापासून लालच होते. उन्हाळ्यात वणवा विझवायला जाणाऱ्या सगळ्यांचे डोळे लाल असत, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्यांच्या पापण्यांचे केस आत वळत आणि बुबुळाला टोचत. आमच्याकडे घरोघरी पायातला काटा काढायचा एक लोखंडी चिमटा असायचा. जंगलात राहायचं तर तो लागतोच. त्याच चिमट्यानं माय बाबांना अंगणात उताणं निजवून पापण्यांचे केस उपटायची. सगळेच तसं करत, तिच्या आईनं तिच्या बापाचे उपटले होते. केस निघाला की थोडे दिवस बरं वाटायचं. मग नवा यायचा, आखूड आणि राठ, आणि आधीच्यापेक्षा जास्त टोचायचा. माय पुन्हा चिमटा घ्यायची. बाबांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या आणि मी त्यांच्या छातीवर बसून विचारायची, “बाबा, काऊन रडता?”

दवाखान्याचं नाव घरात निघत नव्हतं असं नाही. माय रोज काढायची. पण पलीकडच्या एका नाक्यावरच्या माणसाला डोळे दाखवायला चांद्याला पाठवलं होतं आणि तो परत आला तो बिऱ्हाड हलवायलाच. बाबांनी त्याच्या बायकोला डोक्यावर जातं घेऊन जाताना पाहिलं होतं. ते त्यांच्या मनातून जाईना.

“चांद्याले गेलो का डाक्टर लिहून देते, नजर नाई म्हणून,” ते म्हणायचे. “मंग साहेब काय म्हणन? जा घरी. अन् घर कुठी हाय?”

“अन् असेच बसले त?”

“अजून दिसते मले. झाकली मूठ हाय, झाकलीच राहू दे.”

एका हिवाळ्यात पासावरची अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली. माणूस दिसायचा, बैल दिसायचा, कागद मात्र नुसता पांढरा. त्यांनी आधी मायला शिकवायचा प्रयत्न केला. माय हुशार होती, चार दिवसांत शिकली असती. पण गाडीवाल्यांच्या घोळक्यात नाकेदाराची बायको येऊन कागद वाचायला लागली तर त्याच संध्याकाळी दहा गावांत बोभाटा झाला असता. धाकटा भाऊ पाळण्यात होता. उरले मी. कडेवरचं पोर कुठेही जाऊ शकतं, त्याच्यावर कोण संशय घेणार!

ग गणपतीचा मला पुष्कळ नंतर कळला. मला आधी सा आला, सागवानाचा. मग बां, बांबूचा. मग हि, मो, ते. बाबा कोळशानं जमिनीवर हातभर मोठं अक्षर काढायचे, कारण तेवढंच त्यांना स्वतःला दिसायचं, आणि तो तो माल माझ्या नाकाशी धरायचे. हिरडा हुंगायचा आणि म्हणायचं हि. मोहफूल हुंगायचं आणि म्हणायचं मो. ऐकायला गंमत वाटते ना? गंमत नव्हती. ते मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. मी चुकले की स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचे, एकदा, दोनदा, जोरात. मी माराला भ्याले नसते, त्याला भ्यायची. झोपेनं मान खाली गेली की माठातलं गार पाणी तोंडावर मारायचे आणि त्याच ओल्या हातानं मला पोटाशी धरायचे.

“आजच्यान आलं पायजे, बाई. नाई आलं त आपुन कुठी जायचं? सांग, कुठी जायचं?”

मला वाटायचं, ते खरंच मला विचारताहेत. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हि आणि मो करत राहायची. अंगणात माझे मातीचे बैल उन्हात तडकून गेले. माय ते उचलून चुलीमागे ठेवायची आणि पदर तोंडाशी धरून आत जायची. पोर शिकते आहे याचा आनंद त्या घरात कुणालाच झाला नव्हता.

पास नुसता वाचून भागत नव्हतं. आमच्याकडचे गाडीवाले, बहुतेक जंगलगावांतले, पास बांबूच्या नळीत ठेवायचे. पावसा-धुळीपासून कागद जपायची ती रीत. पण कागद म्हटला की तो फेकायचा नाही, कागदावर सरकार असतं, अशीही त्यांची समजूत. त्यामुळे नळीत यंदाचा, मागच्या सालचा, सगळे पास एकावर एक गुंडाळलेले असायचे. अक्षराची ओळख नसलेला माणूस त्यातून निवडणार काय! ते आख्खी नळीच नाकेदाराच्या हातात द्यायचे आणि नाकेदारानं त्यातून बरोबर पास काढून घ्यायचा. डोळस माणसाला यात काही नव्हतं. बाबांच्या हातात नळी आली की ते ती नुसतीच बोटांत फिरवत राहायचे.

त्यावर त्यांनीच तोड काढली. लपवायचं नाही, उलट मिरवायचं. पहिल्याच गाडीला त्यांनी मला कडेवर घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, “पाहा भाऊ, माही पोरगी वाचते. कोणता कागद हाय, सांग बाई याले.” मी नळीतले कागद सोडवले, एक काढला आणि वाचला. माल, गाव, मुदत. गाडीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला खोटं वाटू नये म्हणून बाबांनी पास डोळ्यांसमोर धरून ‘बराबर’ म्हटलं आणि बांबू वर केला.

मग काय विचारता! नाकेदाराची पोरगी वाचते, ही बातमी गाड्यांबरोबर जंगलभर गेली. लोक मला ऐकायला थांबायचे. कुणी चारोळीची चारं आणायचं, कुणी तेंदूची टेंभरं, कुणी लाल बोरं. एका म्हाताऱ्या बाईनं तिच्या देवापुढे मंतरलेला काळा दोरा माझ्या दंडाला बांधला. बापाला किती हौस, पोरगी खाली ठेवत नाही, असं म्हणून गाडीवाले बाबांची थट्टा करायचे. बाबा खोखो हसायचे. त्या हसण्यात त्यांच्या हाताची पकड माझ्या मांडीवर अशी घट्ट व्हायची की वळ उठायचे. कौतुक म्हणजे काय ते मी तिथे शिकले. कौतुक चाललेलं असतं तेव्हा कुणीतरी भीतीनं घामाघूम झालेलं असतं.

मला आजारी पडायची मुभा नव्हती. तरी पडले. हिवताप कुणाला सोडतो त्या भागात! दात वाजत होते, मायनं सगळी पांघरुणं घातली होती आणि बाहेर गाड्या येऊन लागल्या. बाबा आत आले आणि मला घोंगडीसकट उचललं. माय दारात आडवी उभी राहिली.

“पोर मरून राह्यलं ना, तुमाले दिसत नाई का?”

तिच्या तोंडून ते निघून गेलं. बाबा थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “नाई दिसत. म्हणूनच त नेतो.” आणि तिला खांद्यानं बाजूला सारून बाहेर आले.

मी वाचलं. अक्षरं कागदावर थांबत नव्हती, मी त्यांना बोटानं दाबून धरायची. एका पासावर मला ओकारी झाली. गाडीवाला म्हणाला, राहू द्या भाऊ, पोरीले निजू द्या. बाबा म्हणाले, तिलेच हौस हाय, आयकत नाई. आणि माझ्या कानाशी तोंड आणून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, “अजून एक, बाई. एकच.” त्यांची दाढी ओली होती. त्या माणसाचा मला राग येत नाही. यावा असं कधी कधी वाटतं, पण येत नाही.

तापातून उठले आणि पुन्हा वाचायला लागले. पाचवं सरेपर्यंत मी इतकी तरबेज झाले की नुसता कागदाचा रंग बघून पास ओळखायची. आणि इथेच सगळं चुकत गेलं. काम सुरळीत चाललं होतं. बाबा निर्धास्त झाले. माणूस दिसेनासा झाला, मग बैल दिसेनासा झाला, तरी ते नाक्यावर उभे होते, कारण मी होते. मायनं दवाखान्याचं नाव काढणं सोडलं. कशाला काढेल? खोली होती, पगार होता, पोरगी वाचत होती. चिमटा तेवढा चालू होता.

आमच्या भागाचे रेंजर साहेब तपासणीला आले तेही माझं नाव ऐकूनच. चांगला माणूस. नाक्यासमोर मोहाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले, मला मांडीवर घेतलं, खिशातून पेपरमिंटची गोळी दिली आणि जवळचं वर्तमानपत्र उलगडलं. मी मथळे वाचले. अर्थ एकाचाही कळत नव्हता, पण अडखळले नाही. साहेब मोठ्यानं हसले.

“नाकेदार, हिला चांद्याला शाळेत घालायला हवी!”

“जी साहेब,” बाबा म्हणाले. ते लांब, खांबाजवळ उभे होते. तेवढ्यात गाडी आली.

गाडीवाल्यानं सवयीप्रमाणे नळी बाबांच्या हातात दिली. बाबांनी मान वळवली, माझा आवाज शेवटचा जिथून आला होता तिकडे. मी उतरायला धडपडले, पण साहेबांचा हात माझ्या पोटाभोवती होता. ते कौतुकानं मला थोपटत होते. बाबांनी क्षणभर वाट पाहिली. मग नळीतून वरचा कागद काढला, डोळस माणूस धरतो तेवढ्याच अंतरावर धरला आणि हवा नाकात ओढून घेतली. गाडीतल्या ओल्या लाकडाचा वास त्यांना आला.

“सागवान,” ते खणखणीत म्हणाले. “मुदत हाय. जाऊ दे.”

त्यांच्या हातात मागच्या सालचा हिरड्याचा पास होता. मला तो लांबूनच दिसला. रोजची सवय. तोंडातली गोळी गालात सरकवून मी ओरडले, “बाबा, हा नाई! हा हिरड्याचा हाय, जुना! खालचा काढा!”

पोटावरचा हात थांबला. साहेबांनी मला खाली ठेवलं, चालत गेले आणि कागद हातात घेऊन पाहिला. मग बाबांकडे पाहिलं. बाबा अदबीनं हसत होते, पण साहेब जिथे उभे होते तिथे पाहून नाही, त्यांच्या मोकळ्या खुर्चीकडे पाहून. साहेबांनी त्यांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी लवली नाही.

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

गाडीवाला घाबरून म्हणत होता, साहेब, माहा कसूर नाई, मले वाचता येत नाई. माय दारात येऊन उभी राहिली होती. मी बाबांकडे धावले आणि त्यांचा पाय धरला. घरच्या मुठीतलं सगळं मीच सांडलं होतं आणि माझ्या तोंडात अजून साहेबाची गोळी होती.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “अरे, आधी सांगायचं ना.” त्यांनी आपला माणूस नाक्यावर ठेवला आणि आम्हाला त्याच गाडीतून चांद्याच्या दवाखान्यात पाठवलं. मायनं न विचारताच भांडी गाडीत भरली. सागवानावर बसून आम्ही निघालो. वाटेत बाबांना उलट धीर आला. आता कळलंच आहे, तर डॉक्टर बरं करतील, नजर आली की साहेब परत घेतील, असं ते मायला पुन्हा पुन्हा सांगत होते. मायही हूं म्हणत होती. मला वाटलं, मी ओरडले ते चांगलंच झालं.

डॉक्टरांनी बाबांची पापणी उलटी करून पाहिली.

“हे केस कुणी उपटले?”

“म्या,” माय म्हणाली.

“खुपऱ्यांनी पापणी आत आक्रसते, मग केस बुबुळावर घासतात. उपटले की आणखी राठ येतात. पापणीला छेद देऊन जरा बाहेर वळवायची, बस. मी रोज करतो.”

“मंग करा ना, साहेब,” बाबा उत्साहानं म्हणाले.

“करीन. टोचणं थांबेल. पण बुबुळं घासून घासून पांढरी झालीत. आता दिसणार नाही. हे व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. इतके दिवस नोकरी केली कशी तुम्ही?”

आणि बाबांनी, त्याही वेळी, छाती पुढे काढली. “पोरगी वाचते, साहेब. चार सालाची होती तवापासून.”

मी ताठ उभी राहिले. असं कुणी म्हटलं की पुढे कागद यायचा आणि मी वाचायचं, हे मला पाठ होतं. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. कागद दिला नाही. शेजारच्या नर्सबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, “ही वाचत नसती तर हा माणूस तेव्हाच पकडला गेला असता. डोळे राहिले असते याचे.”

हलका आवाज ऐकायची मला सवय होती. शब्द मला कळले. अर्थ कळायला वेळ लागला नाही, मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळला. तिनं मला दंडाला धरून ओढलं आणि माझं तोंड आपल्या लुगड्यात इतकं घट्ट दाबलं की मला श्वास घेता येईना. ती मला जवळ घेत होती की आणखी काही, हे मी तिला ती असेपर्यंत विचारू शकले नाही. बाबांना ते ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

पापण्या शिवून झाल्यावर बाबांना बाहेरच्या ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. माय धाकट्याला घेऊन पाणी आणायला गेली होती. ओसरी माणसांनी भरलेली. बाबांनी इकडे तिकडे मान फिरवली, घसा साफ केला आणि नाक्यावरच्या त्या मोठ्या आवाजात, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, इथी पाटी असन ना कुठी? काय लिवलं हाय, वाच बरं.”

लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. समोरच्या भिंतीवर पाटी होती, ठळक अक्षरांत, वरपासून खालपर्यंत लिहिलेली. मला ती वाचायची नव्हती. पण वाचता यायला लागलं की न वाचणं हातात राहत नाही. सगळी पाटी डोळ्यांत आली होती: डोळे लाल झाले की लगेच दाखवा, वेळीच इलाज केला तर नजर वाचते.

“काई नाई लिवलं, बाबा,” मी म्हणाले.

“कोरीच हाय?”

“हाव. कोरीच हाय.”

त्यांना ते खरं वाटलं. मी वाचलेलं त्यांना नेहमीच खरं वाटायचं.